‘सारी गॅलिन’ गायचंय, पण नेमकं कोणतं?

पंचम२७

नमस्कार. मी गेली नऊ वर्षं ख्याल शिकतोय. आमच्या गटाची पुढच्या महिन्यात एक छोटी बैठक आहे. प्रत्येकाने एकेका परक्या भाषेतलं लोकप्रेमगीत गायचं असं ठरलंय, आणि माझ्या वाट्याला अझरबैजान आलंय.

शोधताना पहिलं सापडलं ते ‘सारी गॅलिन’. नाचाचं गाणं होतं. खाली ड्रम मशीनचा ठोका, वर सिंथेसायझर, आणि ‘नेयनिम आमान आमान’ एवढेच शब्द पुन्हा पुन्हा. खरं सांगतो, मला ते आवडलं. दोन दिवस तेच गुणगुणत होतो. मग एक जुनं ध्वनिमुद्रण ऐकलं. एक गायक, एक तार (हे तिथलं तंतुवाद्य), मागे कमान्चा (हे गजाने वाजवायचं). इतकं संथ, की ओळ संपली असं वाटावं आणि ती संपलेली नसावी. शब्द तेच आहेत. चालही ओळखू येते. पण पहिल्या गाण्यात मी पायाने ताल धरत होतो आणि दुसऱ्यात हलायचीही इच्छा होत नव्हती.

तसंच ‘कुचॅलॅरॅ सु सॅपमिशॅम’चं. याची मी पाच-सहा रूपं ऐकली. दोन लग्नातल्या गाण्यासारखी, एक जाझ, एक नुसत्या आवाजातलं.

तर विचारायचंय असं :
१. या गाण्यांचा अर्थ काय? भाषांतरं वाचली, पण ती इतकी गोळीबंद आहेत की हाती काही लागत नाही.
२. यातलं जुनं आणि अस्सल रूप कोणतं धरायचं?
३. मी पॉप रूपाच्या जवळचं काही गायलं तर ते चुकीचं ठरेल का?

कुणी त्या भागात राहिलेलं असेल तर फार बरं होईल.

---

शेवंती

पंचम, मी बाकूला साडेपाच वर्षं होते, २००९च्या सुरुवातीपासून २०१४च्या उन्हाळ्यापर्यंत. काम हिशेबाचं होतं, संगीताशी त्याचा काही संबंध नव्हता. ही गाणी मला शेजारणीने शिकवली. ‘२८ मे’ नावाच्या मेट्रो स्थानकामागच्या एका जुन्या इमारतीत आम्ही राहायचो. मधे चौक, चारी बाजूंनी बिऱ्हाडं, चौकात एक तुतीचं झाड. अशा चौकाला तिथे ‘हॅयॅत’ म्हणतात आणि निम्मं आयुष्य तिथेच जातं. तळमजल्यावरच्या बाईंना सगळे ‘ख़ाला’ म्हणत. ख़ाला म्हणजे मावशी, आपल्याला अर्थ सांगायलाच नको. उन्हाळ्यात संध्याकाळी ऊन उतरलं की ख़ाला रबरी पाईप घेऊन सगळा चौक भिजवायची आणि एकच गाणं म्हणायची.

पहिल्या वर्षी मला भाषा येत नव्हती. मी खुणेने विचारलं, काय गाताय? तिने पाईप जमिनीकडे धरला आणि म्हणाली, ‘सु’. पाणी. मग वाळलेल्या कोपऱ्यातली माती चिमटीत उचलून फुंकली, ‘तोझ’. धूळ. ‘यार’ हा शब्द तिने समजावला नाही, माझ्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं की तो मला येतो.

‘कुचॅ’ म्हणजे आपला कूचा, गल्ली. गाण्याचा अर्थ जवळपास असा : गल्ल्यांमधे मी पाणी शिंपलंय, यार येईल तेव्हा धूळ उडायला नको, असा यावा, असा जावा, आपल्या दोघांत बोल नको. त्या ‘बोल’मधे रुसवाही येतो आणि लोकांची कुजबुजही. आपल्या भाषेत याला ‘सडा घातलाय’ याहून नेमका शब्द नाही. इंग्रजी भाषांतरात ती बाई रस्ता धुतेय असं वाटतं. ती सडा घालतेय. कुणीतरी यायचंय.

पुढच्या कडव्याकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण पॉप रूपांमधे नेमकं तेच हरवतं. समोवारात (चहाचं पाणी तापवायच्या भांड्यात) विस्तव घातलाय, पेल्यात साखर घातलीय, आणि मग, यार निघून गेलाय, मी एकटी उरलेय. तयारी सगळी झालीय आणि माणूस नाही. तिथे मागणी घालायला पाहुणे येतात तेव्हा मुलीकडच्यांचा होकार असेल तर त्यांना साखर घातलेला चहा देतात. तोंडाने ‘हो’ म्हणायच्या आधी चहाच ते सांगतो. एरवी बाकूकर साखरेचा खडा दातात धरून वरून बिनसाखरेचा चहा पितात. म्हणून पेल्यात घातलेली ती साखर मला साधी वाटत नाही. असा अर्थ मला कुणी सांगितलेला नाही, चौकात बसून ऐकता ऐकता तो माझा मलाच लागला. लग्नाच्या हॉलमधे हे कडवं टाळ्यांवर गातात. ‘एकटी उरलेय’ला सगळे हात वर करून नाचत असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं.

आता तुमचं ‘सारी गॅलिन’. यासाठी एक गोष्ट माहीत हवी, ‘बायाती’. ती तिथली ओवी समजा. चार ओळी, प्रत्येक ओळीत सात अक्षरं. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ यमकात, तिसरी मोकळी. पहिल्या दोन ओळींत बहुधा डोंगर, फूल, नदी, किल्ला असं काहीतरी असतं. मूळ गोष्टीशी त्यांचा संबंध आहे की नाही तेच कळत नाही. तिसरी ओळ वळते. चौथी लागते.

‘सारी गॅलिन’चं पहिलं कडवं ‘सारी गॅलिन’ हे पालुपद काढून मोजा :

साचिन उजुन ह्योर्मॅझलॅर
ग्युल्यु सुलु दॅर्मॅझलॅर
बु सेवदा नॅ सेवदादिर
सॅनि मॅनॅ वेर्मॅझलॅर

केसांचं टोक कुणी गुंफत नाही. दवात भिजलेलं फूल कुणी खुडत नाही. ही प्रीत कसली म्हणायची ही. तुला मला कुणी देणार नाही.

‘-मॅझलॅर’ बघितलंत? पहिल्या दोन ओळींत तो रीतीचा शब्द आहे. असं कुणी करत नसतं, जगाची तशी पद्धत नाही. ऐकणारा मान डोलावतो, बरोबर आहे, ओलं फूल खुडू नये. तिसऱ्या ओळीत माणूस स्वतःकडे वळतो. आणि चौथीत तोच ‘-मॅझलॅर’ परत येतो तो नकार होऊन. ज्या तोंडांनी फुलांबद्दलची रीत सांगितली त्याच तोंडांनी मुलगी नाकारली. मला हे कळायला तीन वर्षं लागली आणि कळलं त्या दिवशी मी कामावर दिवसभर तेवढ्या चार ओळीच लिहीत होते.

अशीच एक बायाती आहे, ‘बु गाला दाशलि गाला’. हा किल्ला, दगडांचा किल्ला. गाला म्हणजे किल्ला, आपला शब्दही त्याच कुळातला. तिसरी ओळ म्हणते, यार यायचा नाही अशी भीती वाटते. आणि चौथी, डोळे ओलेच राहतील. ‘राहतील’ला शब्द आहे ‘गाला’. किल्ला आणि राहणं, दोन्ही एकाच उच्चाराचे. दगडी किल्ला जसा राहतो तसे डोळे ओले राहतील. हे भाषांतरात येतच नाही, म्हणून तुम्हाला ती भाषांतरं गोळीबंद वाटली.

म्हणजे या गाण्यांचा जीव तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधे आहे. जुनं ऐकताना हलावंसं वाटलं नाही असं तुम्ही लिहिलंय, ते म्हणूनच. तो गायक तिथे थांबतो. नाचाच्या रूपात थांबायला जागा नसते, ठोका पुढे ढकलत राहतो, म्हणून मग चार ओळी सोडून ‘नेयनिम आमान आमान’च धरतात. त्याचा अर्थ ‘काय करू गं, हाय हाय’. काय झालंय ते न सांगता नुसतं हाय हाय.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी थोडी वेगळी आहे. तुम्ही ‘जुनं’ म्हणून जे ऐकताय तेही त्या काळचं नवंच होतं. उझेयिर हाजीबेयली आणि मुस्लिम मागोमायेव (दोघेही संगीतकार; मागोमायेव यांच्याच नावाचा प्रसिद्ध गायक हा त्यांचा नातू) यांनी १९२७ साली लोकगीतांचा पहिला संग्रह स्वरलिपीत छापला. तोवर ही गाणी तोंडातोंडी होती, गावागणिक वेगळी. छापल्यावर त्यातलं एकेक रूप पक्कं झालं आणि बाकीची मागे पडली. पुढे जगभर गेली ती राशिद बेहबुदोव यांच्या आवाजात. १९१५चा जन्म तिफ्लिसचा (आजचं त्बिलिसी). वडील मजीद हे कराबाख भागातल्या शुशा गावचे गवई. पण राशिद तरुणपणी आर्मेनियातल्या येरेवानमधे जाझ वाद्यवृंदाबरोबर गायचे. १९४५च्या ‘अर्शिन माल आलान’ चित्रपटातला अस्कर हा देखणा कापडवाला तेच. बुरख्याआडची मुलगी लग्नाआधी बघता यावी म्हणून तो फेरीवाला होऊन दारोदार फिरतो. या चित्रपटाने ते सगळ्या सोव्हिएत देशांत घराघरांत पोचले. पुढे भारतातही आले, हिंदी गाणी गायले. त्यांचं ‘कुचॅलॅरॅ’ ऐका. मागे मोठा वाद्यवृंद, आवाज पाश्चात्त्य पद्धतीने तयार केलेला. लोकगीताचं पॉप रूपच ते, फक्त १९५०-६०च्या काळातलं. पण ‘एकटी उरलेय’ला तो वाद्यवृंद मागे सरतो. म्हणून मी ते जवळचं मानते आणि वाद्यं अस्सल असूनही घाईने म्हटलेली कितीतरी रूपं मला परकी वाटतात.

तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर, खुशाल सिंथेसायझर घ्या. चौथ्या ओळीआधी थांबा.

---

खर्ज_साधना

शेवंतीताईंचं वाचून लगेच ‘सारी गॅलिन’ लावलं आणि ती ‘-मॅझलॅर’ची जागा ऐकली. खरंच अंगावर काटा आला.

मी सारंगी वाजवते आणि गेली काही वर्षं मुगाम ऐकतेय, म्हणून एक भर घालते. मुगाम ही तिथली रागपद्धती म्हणा. मुख्य सात : रास्त, शूर, सेगाह, शुश्तर, चाहारगाह, बायाती-शिराझ, हुमायून. यातली नावं आपल्याला ओळखीची वाटतील, पण नावावरून स्वर ओळखायला जाऊ नका, फसाल. लोकगीतं बहुतेक शूर आणि सेगाहच्या चौकटीत असतात. हाजीबेयलींनी १९४५च्या त्यांच्या ग्रंथात प्रत्येक मुगामचा भाव लिहिलाय. सेगाहपुढे त्यांनी प्रेम लिहिलंय, शूरपुढे आनंदी भावगेयता.

सेगाहचा जो मुख्य स्वर आहे तो पेटीच्या पट्टीवर बसत नाही. तारवर बारांपेक्षा जास्त पडदे असतात, एका सप्तकात सतरा धरतात. (तिथेही त्याला ‘पॅर्दॅ’च म्हणतात. सतारीचा पडदा आणि तारचा पॅर्दॅ एकच शब्द.) तो जरासा उतरलेला स्वर हलवत, कापवत धरायचा, मग गळ्यातून ‘झॅन्गुलॅ’ घ्यायची. आपल्या हरकतीपेक्षा ती जास्त घशातली असते, उडी मारून परत येणारी. पॉप रूपात दोन गोष्टी होतात. कीबोर्ड तो स्वर सरळ करतो, आणि गायकाच्या आवाजावर नंतर स्वर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर चालवलं तर तेही त्याला जवळच्या पट्टीवर ओढतं. मग गाणं बेसूर होत नाही, पण त्यातली तक्रार निघून जाते.

म्हणून शेवंतीताई, सिंथेसायझर खुशाल घ्या याला माझी एक अट. तो स्वर वाचवता आला पाहिजे. हे अशक्य नाही. कराबाखमधल्या वादकांनी इलेक्ट्रिक गिटारला हे करून दाखवलंय. चेक बनावटीच्या योलाना गिटारी घ्यायच्या आणि त्यावर जास्तीचे पडदे बसवायचे. रुस्तॅम गुलियेव (१९६९–२००५) ऐका. लग्नाच्या मांडवातलं, नाचायचं संगीत आहे, आवाज पूर्ण विजेवरचा, आणि तरी मुगामचा एकही स्वर जागचा हललेला नाही. जाझमधे वागिफ मुस्तफाझादे आहेत. पियानोवर ते स्वर नाहीतच, मग ते दोन शेजारच्या पट्ट्यांमधे झपाट्याने ये-जा करून मधल्या स्वराचा भास करतात. १९७८ साली मोनाकोच्या जाझ रचनांच्या स्पर्धेत त्यांच्या ‘अझीझाची वाट पाहताना’ या रचनेला पहिलं पारितोषिक मिळालं आणि पुढच्याच वर्षी ताश्कंदमधे ते गेले, वय एकोणचाळीस. ती लहानगी अझीझा म्हणजे त्यांची मुलगी, मोठी होऊन पियानोवादक-गायिका झाली. तिच्या १९९६च्या अल्बममधे ‘लाचिन’ हे गाणं आहे.

पंचम, तुम्ही ख्याल गाता म्हणजे तुमचा गळा तयार आहे. पेटी घेऊ नका. तानपुरा आणि असेल तर सारंगी किंवा व्हायोलिन.

---

उत्तररात्र

दोन गोष्टी, थोडक्यात.

पंचम, कार्यक्रमात ‘सारी गॅलिन हे अझरबैजानचं गाणं’ एवढंच सांगून थांबू नका. तेच गाणं आर्मेनियन लोक गातात, तुर्कस्तानात गातात, फारसीत वेगळ्या शब्दांनी गातात. तुर्की भाषांत ‘सारि’ म्हणजे पिवळी, सोनेरी केसांची. ‘गॅलिन’ म्हणजे नवरी. आर्मेनियन भाषेत ‘सारी’ म्हणजे डोंगरातली. दोन्ही अर्थ गाण्यात सहज बसतात आणि त्यावरून दोन्हीकडे कडू भांडणं झाली आहेत. इराणचे हुसेन अलीझादे आणि आर्मेनियाचे जिवान गास्पारियान यांनी २००३मधे तेहरानच्या नियावरान प्रासादात हेच गाणं एकत्र वाजवलं. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, जरूर ऐका. दुदुक (आर्मेनियन फुंकवाद्य) आणि शूरअंगीझ (इराणी तंतुवाद्य) शेजारी बसलेले ऐकल्यावर गाण्याचा मालक विचारावासा वाटत नाही.

दुसरं, शोधताना ‘आय्रिलिग’ (विरह) हे गाणं हमखास समोर येईल आणि लोक त्याला लोकगीत म्हणतील. ते लोकगीत नाही. संगीत अली सलीमी यांचं, शब्द फरहाद इब्राहिमी यांचे, १९५०च्या दशकातलं, इराणमधलं. सलीमी बाकूत जन्मले आणि कुटुंब इराणला गेलं. मधे अराझ नदी, नदीवर सीमा, अलीकडे-पलीकडे एकाच भाषेचे लोक. रशिया आणि इराणमधल्या १८१३ आणि १८२८च्या तहांनी ती सीमा पडली आणि सोव्हिएत काळात ती पार बंद झाली. बेहबुदोव इराणच्या दौऱ्यावर असताना त्यांना हे गाणं मिळालं आणि ते नदीपलीकडे घेऊन गेले. इराणात गायिका गुगुश यांनीही गायलं. दोन्ही काठांनी ते इतकं आपलंसं केलं की कर्त्यांची नावंच पुसली गेली. कार्यक्रमात गायलं तर त्या दोघांची नावं घ्या एवढीच विनंती.

---

पंचम२७

तिघांचेही मनापासून आभार. दोन दिवस फक्त ऐकतोय.

ठरवलंय, ‘सारी गॅलिन’च. तानपुरा आणि व्हायोलिन. ताल नाही. खर्ज_साधना, तुम्ही म्हणता तो स्वर अजून हाताला लागत नाहीये, कोमल आणि शुद्धच्या मधे लटकतो, पण काल रात्री दोनदा लागला आणि तेव्हा गळ्यात काहीतरी वेगळंच झालं. उत्तररात्र, आर्मेनियन रूप ऐकलं. प्रास्ताविकात दोन्ही अर्थ सांगणार आहे.

शेवंतीताई, एवढंच विचारायचंय. कडवी कोणती घेऊ? प्रत्येकजण वेगळी घेतो. आणि ती थांबण्याची जागा, ती नेमकी किती? मी थांबतो तेव्हा मला ते विसरल्यासारखं वाटतं, थांबल्यासारखं नाही. आणि ख़ालाबद्दल अजून लिहाल का?

---

शेवंती

पंचम, पहिलं कडवं वर दिलंय तेच. दुसरं मेंढपाळाचं घ्या : ही दरी किती लांब, मेंढपाळा तुझं कोकरू माघारी वळव, काय होईल एक दिवस मला दिसला तर, त्या लाडिक यारचा चेहरा. यात ‘उझुनु, गुझुनु, युझ्युन्यु’ असं यमक आहे. लांबी, कोकरू, चेहरा. हे कडवं जरा मोकळं म्हणा, ते पहिल्यासारखं नाही, त्यात अजून आशा आहे. पहिल्यात नकार ऐकलेला माणूस दुसऱ्यात नुसतं बघायला मागतोय.

तिसरं हे घ्या, सगळे घेत नाहीत पण तुम्ही घ्या :

आशिग एल्लॅर आयरिसि
शाना तेल्लॅर आयरिसि
बिर ग्युन्युन्यॅ द्योझमॅझदिम
ओल्दुम इल्लॅर आयरिसि

‘एल’ म्हणजे आपली माणसं, आपला मुलूख. प्रेमी माणूस मुलखापासून तुटलेला, कंगव्याने केस वेगळे व्हावेत तसा. एक दिवस मला सोसला नसता. वर्षांचा दुरावा झालो.

‘दुरावा झालो’ असंच आहे. दुराव्यात राहिलो असं नाही. मराठीत ते वाकडं वाटतं पण तसंच ठेवा.

ख़ाला लाचिनची. लाचिन म्हणजे ससाणा, गाण्यात ते प्रेयसीचं नाव आहे, आणि डोंगरातल्या एका गावाचंही. मे १९९२मधे कराबाखच्या युद्धात ते गाव पडलं आणि सगळे निघाले. ख़ाला दोन मुलं आणि एक शिवणयंत्र घेऊन बाकूला आली. मी तिला भेटले तेव्हा सतरा वर्षं झाली होती, निघाले तेव्हा बावीस. ‘लाचिन’ हे गाणं ती कधी म्हणायची नाही. रेडिओवर लागलं तर आत जायची. एकदा चौकातल्या मुलांनी त्याचं नवं, जोरकस रूप लावलं होतं, मुलांना वाईट काही करायचं नव्हतं, गाणं छानच होतं. ती खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, हळू लावा रे, ते नाव आहे.

पण ‘सारी गॅलिन’ म्हणायची, आणि त्यातलं हे तिसरं कडवं. पाणी शिंपताना. तुम्ही थांबण्याची जागा विचारलीत म्हणून आठवेल तसं सांगते. पहिल्या दोन ओळी ती चालता चालता म्हणायची, पाण्याचा फवारा झाडावर, पायऱ्यांवर. तिसरी ओळ, ‘एक दिवस मला सोसला नसता’, म्हणताना वेग कमी व्हायचा. ती संपली की पाईप हातात दुमडायची. पाणी बंद. चौकात तेवढा वेळ पागोळ्यांचा आवाज. तिची छाती एकदा वर जाऊन खाली यायची, त्याहून जास्त नाही. मग शेवटची ओळ, अगदी साध्या आवाजात, जणू कुणाला तारीख सांगतेय. मग पाईप सोडायची.

म्हणजे एक पूर्ण श्वास, आत आणि बाहेर. तुम्हाला विसरल्यासारखं वाटतंय ते नुसता श्वास आत घेऊन थांबताय म्हणून असेल. तो बाहेर सोडा आणि रिकाम्या छातीने चौथी ओळ सुरू करा. आवाज कमी येईल. येऊ द्या.

‘ओल्दुम’चा ‘ओ’ ऱ्हस्व ठेवा. ‘इल्लॅर’वर दोन्ही ‘ल’ वेगळे ऐकू आले पाहिजेत, इल् आणि लॅर, कारण ‘इल’ म्हणजे वर्ष आणि तिथे वर्षं मोजायची आहेत. आणि ‘सारी’ मी इथे असं लिहितेय पण शेवटचा स्वर ‘ई’ नाही. ‘ई’ म्हणायला ओठ ताणतो तसे ठेवायचे आणि जीभ मागे घ्यायची, ‘अ’ आणि ‘ई’च्या मधलं काहीतरी निघेल. मला तो स्वर यायला एक हिवाळा लागला. ख़ाला रोज सकाळी जिन्यात भेटली की ‘कशी आहेस’ विचारायच्या आधी तेच म्हणवून घ्यायची, सारि, सारि, सारि, आणि चुकलं की हनुवटीला बोट लावून माझं तोंड जरासं वर करायची.